एका पगाराचे घर, दोघांचा हिशेब

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी नोकरी सोडून गेली चार वर्षे घरी असलेल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मुले सात आणि साडेतीन वर्षांची आहेत आणि घर पतीच्या पगारावर चालते. २५ तारीख उलटली की खात्यात जवळजवळ काहीच उरत नाही. त्या रोजचा खर्च न चुकता वहीत लिहितात, तरीही महिन्याची तोंडमिळवणी होत नाही. दोन महिन्यांपूर्वी विम्याचा वार्षिक हप्ता क्रेडिट कार्डावर भरावा लागला आणि ती रक्कम अजून पुरती फिटलेली नाही. पती कधी ‘नाही’ म्हणत नाहीत, पण पैसे मागितले की ‘आता कशाला?’ असे विचारतात, त्यामुळे मागणेच नको वाटते. चष्म्याचा नंबर बदलून आठ महिने झाले, तरी नवा चष्मा घेतलेला नाही. त्या लिहितात: ‘मी कमवत नाही, तेव्हा निदान वाचवणे तरी मला जमायला हवे. अजून कुठे काटकसर करू? की पुन्हा नोकरी धरू? पण मुलांना सांभाळायला कोणी ठेवायचे म्हटले, तर तो खर्च वजा जाता माझ्या पगारातून हाती काहीच राहणार नाही.’

प्रिय भगिनी,

पत्रासोबत तुम्ही वहीच्या दोन महिन्यांच्या पानांची छायाचित्रे पाठवलीत, ती मी पुन्हा पुन्हा पाहिली. मुलांच्या वह्या, औषधे, गॅस, विजेचे बिल, शाळेची बस असे सगळे तारीखवार आणि स्वच्छ अक्षरात मांडलेले आहे. प्रत्येकाच्या नावाचा एक रकाना आहे आणि तुमच्या नावाचा रकाना दोन्ही महिने कोरा आहे. एका जागी ‘चप्पल’ अशी नोंद दिसते. ती चप्पल तुमची होती असे पत्रात लिहिले आहे, पण वहीत ती ‘किरकोळ’ या सदराखाली आहे. इतक्या काटेकोर वहीत स्वतःच्या पायातली चप्पल किरकोळात लपवावीशी वाटावी, ही गोष्ट मला त्या २५ तारखेपेक्षा जास्त लागली. अजून कुठे काटकसर करू, या तुमच्या प्रश्नाकडे म्हणूनच मी थोडा उशिराने येणार आहे. त्याच्या आधी ‘मी कमवत नाही’ हे वाक्य आहे आणि बाकीचे सारे त्यावर उभे आहे.

हे वाक्य तुम्हाला इतके स्वाभाविक का वाटते, याला जमाखर्चाच्या एका जुन्या संकेताचाही हातभार आहे. सायमन कुझनेट्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेससाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब तयार केला, तेव्हा घरात होणारे बिनपगारी काम त्यातून वगळले गेले आणि आपण ते वगळत आहोत हे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. त्याच वर्षी मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी घरकामाला लावण्याजोगी एक साधी कसोटी मांडली: जे काम तुमच्याऐवजी पैसे देऊन तिसऱ्या व्यक्तीकडून करून घेता येईल, ते उत्पादक काम होय. जेवण आपल्यासाठी दुसरे कोणी जेवू शकत नाही, पण स्वयंपाक करू शकते. म्हणून स्वयंपाक हे काम ठरते. ही कसोटी तुमच्या कालच्या दिवसाला लावून पाहा. मुलांना उठवण्यापासून रात्री भांडी आवरण्यापर्यंतच्या किती गोष्टींसाठी कोणाला तरी पैसे मोजावे लागले असते, याचा अंदाज तुम्हाला कागदाशिवायही येईल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांच्या वेळवापराच्या पाहण्यांवरून काढलेल्या अंदाजानुसार, अशा बिनपगारी कामात दररोज १,६४० कोटी तास खर्ची पडतात. दोनशे कोटी माणसांनी रोज आठ तास काम करावे, इतके हे श्रम आहेत आणि त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया करतात. तुमच्या पतीच्या नावे जो पगार जमा होतो, तो त्यांना दररोज वेळेवर आणि निर्धास्तपणे कामावर जाता येते म्हणून जमा होतो, आणि ती निर्धास्ती घरातून पुरवली जाते. पगारपत्रकावर नाव एकाचे असले तरी उत्पन्न घराचे आहे. ही तुमची समजूत काढण्यासाठी केलेली गोड भाषा नाही. पुढचे सगळे व्यवहार मी याच पायावर सुचवणार आहे.

अर्थात, श्रमाची किंमत मान्य केल्याने २५ तारखेनंतरचे पाच दिवस भरून निघत नाहीत. तेव्हा आता आकड्यांकडे येतो.

तुमच्या वहीत एक मोठी उणीव आहे आणि ती तुमच्या शिस्तीतली नाही. वहीत फक्त तुमच्या हातून जाणारा पैसा येतो. पत्रात उल्लेखलेले कर्जाचे दोन हप्ते, विमा, वाहनाची दुरुस्ती, दोघांच्या आईवडिलांकडे जाण्यायेण्याचा खर्च यांतले काहीही तिथे नाही. शिवाय वही महिन्याची आहे आणि संसार वर्षाचा असतो. शाळेची फी वर्षातून एकदोनदा येते, विम्याचा हप्ता एकदा येतो, घरात एखादे कार्य निघते, पंखा नाहीतर फोन बिघडतो. असा प्रत्येक खर्च आपण ‘या महिन्यात अचानक उद्भवला’ असे म्हणून सोसतो, पण बारा महिने एकत्र पाहिले तर त्यांतले बरेचसे खर्च मुळीच अचानक नसतात.

एक उदाहरण घेऊ. महिन्याचे उत्पन्न १०० धरा. वर्षभरातले असे सगळे सुटे, मोठे, अधूनमधून येणारे खर्च जमवले आणि त्यांची बेरीज १८० निघाली, तर दरमहा त्यांचा वाटा १५ होतो. म्हणजे रोजच्या संसारासाठी खरे तर ८५ च उपलब्ध होते आणि तुम्ही दोघे मात्र १०० आहेत असे समजून महिना आखत होता. तीस दिवसांचे ८५ टक्के म्हणजे साडेपंचवीस दिवस. तुमच्याकडे पैसे २५ तारखेला का संपतात, याचे उत्तर तुमच्या हाताच्या सैलपणात नसून इथे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तुमच्या घराचा आकडा १५ नसेल, १० असेल किंवा २० असेल. तो काढण्यासाठी मागच्या बारा महिन्यांची बँकेची आणि कार्डाची विवरणे समोर घेऊन एक दुपार बसावे लागेल. आकडा निघाला की तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात वळती करावी आणि ते खाते वर्षाच्या खर्चांखेरीज कशालाही वापरू नये. पहिल्या वर्षी हे जड जाते, कारण पैसे साठण्याआधीच बिले येतात. म्हणून सुरुवात सर्वांत जवळ आलेल्या एका मोठ्या बिलापासून करा आणि बाकीची त्यात हळूहळू सामावून घ्या.

कार्डावरची रक्कम मात्र या सगळ्याच्या आधी फेडा. क्रेडिट कार्डाच्या व्याजाचा दर महिन्याचा सांगितला जातो, म्हणून तो लहान दिसतो. महिन्याला ३ टक्के दर असेल आणि थकबाकी तशीच राहिली, तर चक्रवाढीने वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतात. ७२ ला दराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ ढोबळमानाने मिळतो. ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. शिवाय थकबाकी असताना बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही मिळत नाही, त्यामुळे ते कार्ड फिटेपर्यंत बाजूला ठेवलेले बरे. आपल्या कार्डाचा नेमका दर विवरणपत्रावर छापलेला असतो, तो दोघांनी एकत्र वाचा. घरात थोडी शिल्लक किंवा एखादी मुदतठेव असेल, तर इतके व्याज भरत राहण्यापेक्षा ती मोडणे बहुतेक वेळा स्वस्त पडते.

काटकसरीबद्दल थोडेच सांगतो, कारण तुमच्या पानांत कापण्यासारखे फारसे उरलेले नाही. रोजच्या वस्तूंमध्ये चिमटे काढून जे वाचते, ते तुम्ही केव्हाच वाचवले आहे. ज्या खर्चांचा निर्णय वर्षांपूर्वी एकदा झाला आणि पुन्हा कोणी पाहिला नाही, तिथे खरी जागा असते: घराचे भाडे किंवा कर्ज, वाहनाचा हप्ता, कमी उपयोगाच्या आणि जास्त हप्त्याच्या विमा योजना, दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी. एखाद्या कर्जाचा व्याजदर कमी करून मिळतो का, हे बँकेला विचारण्याने जे साधेल, ते वर्षभर कोपऱ्याकोपऱ्याने केलेल्या काटकसरीने साधणार नाही. हे सारे निर्णय तुमच्या वहीबाहेर झाले आहेत. शंभरांतल्या तीस-चाळीस भागांचा हिशेब तुम्ही देता आणि उरलेले कुठे जातात, हे तुम्हाला नीटसे ठाऊकही नाही. तोंडमिळवणीची जबाबदारी तुमची आणि माहिती दुसरीकडे, ही मांडणी कोणालाही थकवील.

यातून ‘आता कशाला?’ या प्रश्नाकडे येऊ. तुम्हाला त्यात कटकट किंवा अविश्वास ऐकू येतो आणि तसे वाटणे साहजिक आहे. मात्र चार माणसांचे घर आपल्या एका पगारावर आहे, तो थांबला तर काय, ही भीतीही त्या दोन शब्दांत असू शकते. एकट्याने कमावणारी पुष्कळ माणसे ही धास्ती बोलून दाखवत नाहीत. खर्चाचा विषय निघाला की ती वेगळ्याच शब्दांत बाहेर पडते. तुमचे पती तसे आहेत की नाहीत, हे मला पत्रावरून कळणार नाही. तुम्हाला मात्र विचारता येईल, फक्त पैसे मागण्याच्या क्षणी विचारू नका. पगार जमा झाल्यानंतरचा पहिला निवांत दिवस ठरवा, मुले झोपल्यावर अर्धा तास बसा आणि दर महिन्याला त्याच दिवशी बसा. पहिल्या बैठकीत मागणी एकही ठेवू नका. वर्षाचा कागद समोर ठेवा आणि ‘आपले पैसे पंचविसाव्या दिवशी का संपतात ते मला सापडले आहे असे वाटते, तुम्हीही पाहा’ इतकेच म्हणा. तक्रारीने सुरू झालेल्या बोलण्यात माणूस आपली बाजू सावरू लागतो. दोघांपुढे एकच कागद असला की दोघांची नजर आकड्यावर राहते.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीत दोन गोष्टी ठरवून घ्या. घरखर्चाची रक्कम पगाराच्या दिवशीच अशा खात्यात यावी, जे दोघांच्या नावे आहे आणि जिथून तुम्हाला न विचारता खर्च करता येतो. आणि दोघांसाठी एक वैयक्तिक रक्कम असावी, लहान असली तरी अगदी समान, जिचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. या दुसऱ्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. घरातला पैसा कोणाच्या हाती येतो याने खरोखर फरक पडतो, असे दाखवणारा एक अभ्यास आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीची सवलत वडिलांच्या पगारातल्या करकपातीतून काढून रोख भत्त्याच्या रूपाने आईच्या हाती देण्यात आली. शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलॅक आणि टेरेन्स वेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळातल्या कुटुंबांचे खर्च तपासून १९९७ मध्ये मांडले की, या बदलानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत स्त्रियांच्या आणि मुलांच्या कपड्यांवर होणारा खर्च वाढला. ‘घर एकच आहे, मग पैसा कोणाकडेही असला तरी काय बिघडते’ असे आपण सहज म्हणतो. तुमचा आठ महिने लांबलेला चष्मा सांगतो की बिघडते.

आता जरा अवघड भागाबद्दल. माझ्या आईनेही अशीच वही ठेवली होती, आमच्या जुन्या शाळेच्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर. वडील अचानक आजारी पडले आणि तीन आठवडे बोलू शकले नाहीत, तेव्हा घरातली साखर किती दिवस पुरेल हे तिला ठाऊक होते. पण विम्याची कागदपत्रे कोणत्या कपाटात आहेत, खाती किती आहेत, कोणाचे देणे आहे, हे ठाऊक नव्हते. एका संध्याकाळी ती कागदांची पिशवी जमिनीवर रिकामी करून मधोमध बसली होती. तिचा तो चेहरा आठवला की आजही मला वाटते, हे एक पान कोणीतरी आधी लिहून ठेवायला हवे होते. तुम्ही ते लिहा: बँकेची खाती, कर्जे, विमा, गुंतवणूक, प्रत्येकाचा क्रमांक, कागद ठेवल्याची जागा आणि कोणाशी संपर्क करायचा ती माहिती. दर सहा महिन्यांनी ते पान तपासा. प्रत्येक ठिकाणी वारस म्हणून कोणाचे नाव आहे तेही पाहा. लग्नाआधी भरलेले अर्ज बदलायचे राहून गेलेले असतात.

एकाच उत्पन्नाच्या घराला आणीबाणीची शिल्लक जास्त लागते, कारण एक पगार थांबला तर दुसरा सांभाळून घ्यायला नसतो. जिथे दोघे कमावतात तिथे तीन महिन्यांच्या अत्यावश्यक खर्चाइतकी रक्कम पुरेशी धरतात. तुम्ही सहा महिन्यांचे लक्ष्य ठेवा आणि तिथे पोहोचायला दोन-तीन वर्षे लागली तरी हरकत नाही. कमावत्या व्यक्तीचा शुद्ध मुदतीचा जीवन विमा (टर्म इन्शुरन्स) तर हवाच. तुमचाही असावा, असे माझे ठाम मत आहे. बरीच कुटुंबे इथे ‘ती कुठे कमावते?’ असे म्हणून थांबतात, पण रीडबाईंची तिसरी व्यक्ती आठवा. तुम्ही नसाल तर साडेतीन वर्षांच्या मुलासाठी त्या व्यक्तीला किती वर्षे पैसे द्यावे लागतील, तो तुमच्या विम्याचा आधार आहे. याशिवाय निवृत्तीसाठी तुमच्या स्वतःच्या नावे, कितीही लहान असली तरी, दरमहा काही रक्कम गुंतवली जावी. नोकरी सुटली तेव्हा पगाराबरोबर ती बचतही थांबली आणि ही तूट वयाच्या साठीत लक्षात येते, जेव्हा भरून काढायला वेळ उरलेला नसतो.

नोकरीच्या प्रश्नात तुम्ही मुलांना सांभाळण्याचा खर्च तुमच्या पगारातून वजा केला आहे. तो तुमच्याच पगारातून का वजा व्हावा? मुले दोघांची आहेत, तर तो खर्च दोघांच्या एकत्रित उत्पन्नातून जातो, आणि मग प्रश्न असा होतो की घराकडे एकूण किती उरेल. याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमचा हिशेब एका वर्षाचा आहे. मुले मोठी होत जातील तसा सांभाळण्याचा खर्च उतरत जातो, नोकरीतला अनुभव आणि पगार सहसा चढत जातो, आणि विश्रांतीची वर्षे लांबली की परतणे कठीण होते. म्हणून पाच वर्षांचे गणित मांडा. त्यात दुसरी बाजूही प्रामाणिकपणे धरा: प्रवास, कर, आयते घ्यावे लागणारे पदार्थ, आजारी मुलासाठी कोणी रजा घ्यायची हा रोजचा तिढा आणि दोघांचा थकवा. परतायचे ठरलेच तर घरातल्या कामांची वाटणी नोकरी सुरू होण्याआधी करून घ्या, नाहीतर दोन पाळ्या तुमच्या एकटीच्या वाट्याला येतील. आणि मुले आणखी दोन-तीन वर्षांनी मोठी होईपर्यंत घरी राहावे असे तुम्हा दोघांना मनापासून वाटत असेल, तर तोही पूर्ण निर्णय आहे. त्यासाठी कोणाची माफी मागायला नको. मात्र त्या काळात जुन्या सहकाऱ्यांशी संबंध ठेवा, एखादे प्रमाणपत्र किंवा आठवड्याला चार-पाच तासांचे काम हाताशी असू द्या, म्हणजे पुढे दार उघडताना ते गंजलेले नसेल.

अशीच परिस्थिती असलेल्या इतर वाचकांसाठी, ज्यांत मुलांसाठी घरी राहिलेले वडीलही आहेत, एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. वर सांगितलेले सारे, जोडीदार बोलायला तयार आहे असे धरून आहे. जिथे खात्यांची माहिती मुद्दाम लपवली जाते, औषधालाही पैसे मिळत नाहीत, प्रत्येक पावतीवरून अपमान होतो किंवा स्वतः मिळवलेले पैसेही काढून घेतले जातात, तिथे प्रश्न जमाखर्चाचा राहत नाही. तो छळाचा प्रकार आहे. अशा वेळी घरातल्या बैठकीत वेळ घालवू नये. विश्वासातल्या एखाद्या व्यक्तीला सांगावे, आपल्या महत्त्वाच्या कागदांच्या प्रती घराबाहेर सुरक्षित ठेवाव्यात आणि कायद्याचा सल्ला घ्यावा. तुमच्या पत्रात मला असे काही दिसले नाही. तुमच्या घरी एक माणूस घाबरून विचारतो आहे आणि दुसरे संकोचून मागत नाही, असे मला वाटते आणि माझा अंदाज बरोबर असावा अशी मनापासून आशा आहे.

बारा महिन्यांची विवरणे काढायला दोन-तीन आठवडे लागतील आणि पहिली बैठक त्यानंतर होईल. तोवर थांबू नका, या आठवड्यातच डोळे तपासून चष्मा करून घ्या. साडेतीन वर्षांचे मूल औषध किती घेईल हे तुमच्या नजरेवर अवलंबून आहे, बाटलीवरचे बारीक आकडे तुम्हीच वाचता. पैसे मागताना ‘लागत होते म्हणून’ असे मोघम न बोलता ‘माझा चष्मा करायचा आहे’ असे सांगा, आणि रात्री वही उघडाल तेव्हा ती रक्कम किरकोळात घालू नका. तुमच्या नावाच्या त्या कोऱ्या रकान्यात तारखेसह लिहा.